पठारावरचं बिऱ्हाड

वाक्य तोंडातून निसटलं आणि मगच ते ताराबाईच्या कानांवर पडलं. "आम्हीसुद्धा तिथंच राहतो ना." गिरगावात विजयकरांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात ती वेताच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. बॉम्ब पडला तर काचा उडू नयेत म्हणून खिडक्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, आणि त्यांतून येणारं उन्ह फरशीवर तुकड्यातुकड्यांनी पडलं होतं. रंगून पडल्यापासून मुंबईतली माणसं उठून मिळेल तिकडे जात होती. याच माळ्यावरच्या दोन बिऱ्हाडांना कुलपं होती, ते तिनं येताना पाहिलं होतं. विजयकरबाईंनी विचारलं होतं ते एवढंच, की बंगली घ्यायची त्या डोंगरावर शेजारपाजार आहे का. खरं उत्तर सोपं होतं. एक राखणदार, त्याची बायको, बाकी बंगल्या रिकाम्या. ते उत्तर तिच्या जिभेवर तयारही होतं, पण ते बाजूला सारून हे दुसरंच पुढं आलं, स्वच्छ, ठाशीव, कुणीतरी शिकवून पाठवल्यासारखं. शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा कमळाकर बशीत चहा ओतत होता. त्याचा हात तसाच थांबला.

"मग मला भीती नाही," विजयकरबाई म्हणाल्या आणि उठून त्यांनी ताराबाईचा हात धरला. त्यांचा हात गार होता. दाराशी उभे असलेले विजयकर इतका वेळ वर्तमानपत्रातून मान वर काढायला तयार नव्हते. ते बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि बायकोच्या या डोंगरावर जायच्या बोलण्याला त्यांनी एकदाही हो म्हटलं नव्हतं. त्यांनी कागद खाली केला. "संसारी माणसं शेजारी असतील तर प्रश्न मिटला. मी शनिवारी येत जाईन." पडद्याआड एक पाच-सहा वर्षांचा मुलगा खोकत होता. त्याचा खोकला थांबला. मग कमळाकरनं पिशवीतून नकाशा काढला, आणि बंगली विकली गेली.

कल्याणच्या पुढं डबा मोकळा झाला तेव्हा कमळाकर तिच्याजवळ सरकला. "तू ह्ये काय बोल्लीस गो?" ताराबाई खिडकीबाहेर बघत राहिली. अंधारात आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तो आपटून सपाट जमिनीवर यावा, तसं तिला दिवाणखान्यापासून होत होतं. तो हिसका जातच नव्हता. "तोंडातना गेला," ती म्हणाली.  कमळाकरच्या चेहऱ्यावर भीती होती आणि भीतीच्या खाली आनंद, आणि तो आनंद त्याला दाबता येत नव्हता. "बंगल्यांच्या शेटला समजला तर काय बोलंल कोन जाने. पन इकलीस तू. तीन महिनं मी त्या सायबाच्या पाटीमागं फिरतोय. तू एका बोलन्यात इकलीस." तिनं मान हलवली. त्या क्षणी तिला एवढंच वाटत होतं, की नवऱ्यानं याला बोलणं म्हणू नये. त्याला काय म्हणावं हे मात्र तिलाही माहीत नव्हतं.

दोन वर्षांमागं तिला कुणी सांगितलं असतं, की तू गिरगावात खुर्चीवर बसशील, तर ती पदराआड हसली असती. तिचं माहेर मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याचं. भाताची दोन खाचरं, एक आंबा, आणि संध्याकाळ झाली की अंगणात येऊन बसणारी त्या डोंगराची सावली. लग्न होऊन ती शहापूरला आली ते कमळाकर शिकलेला म्हणून. तो सातवी पास होता, तलाठ्याच्या हाताखाली लिहिण्याचं काम करत होता. मग देवजीशेट नावाच्या मुंबईच्या व्यापाऱ्यानं किन्हवलीच्या पुढचं, मुरबाडच्या वाटेवरचं पठार घेतलं, तिथं दगडी जोत्याच्या, कौलारू बंगल्या उठवल्या आणि त्या विकायला कमळाकरला नेमलं. पुरुष यायचे, काठी टेकून उभे राहायचे, लांबवर दिसणाऱ्या सिद्धगडाकडे बघून हवा चांगली आहे म्हणायचे. त्यांच्या बायका मात्र गाडीतून उतरायच्याच नाहीत. त्यांना विचारायचं असायचं ते कमळाकरला कसं विचारणार? म्हणून एक दिवस तो ताराबाईला बरोबर घेऊन गेला. पहिली बाई आली ती एका डॉक्टराची. तिनं दूध कुठून येतं विचारलं, सरपण ओलं असतं का विचारलं, आणि मग आवाज खाली करून विचारलं, की अडली-नडली वेळ आली तर सुईण मिळते का. ताराबाईनं सगळ्याची उत्तरं दिली. देता देता तिच्या ध्यानात आलं, की ही बाई आपलं वाक्य पुरं होईस्तोवर थांबते आहे. असं कुणी थांबलेलं तिला आठवेना. माहेरी तिचं वाक्य भाऊ तोडायचे, सासरी चूल, पोर, पाणी. आणि तिला तोवर ठाऊकही नव्हतं, की आपल्या वाक्यांना शेवट असतात.

त्यानंतर ती शिकली. पहाटे दळताना जात्याच्या घरघरीत ती पुटपुटायची, पानी नाही, पाणी. कोन नाही, कोण. आमी नाही, आम्ही. कमळाकर अंथरुणातून चूक सुधारायचा. मग त्याच्याकडून ती जोडाक्षरं शिकली, मग वर्तमानपत्राचे मथळे. वहाणा घेतल्या तेव्हा तिला वाटलं होतं, आता सासू काहीतरी बोलेल. सकुबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं सुनेच्या पायांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "जपून चाल." दुसऱ्या दिवसापासून सकुबाई न सांगता चुलीपुढं बसू लागली. ताराबाई पठारावरून परत यायची तेव्हा भाकऱ्या झाकून ठेवलेल्या असायच्या. त्या झाकलेल्या भाकऱ्यांकडे बघायला तिला नको वाटायचं. सासू भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाला तोंड देता येतं. पण सकुबाईचं हे गुमान राबणं ताराबाईच्या अंगावर हळूहळू चढत गेलं, आणि ते फेडायचं कसं हे तिला समजेना.

आणि शकू. शकू आठ वर्षांची, शांत, डोळ्यांनी सगळं टिपणारी. मागच्या थंडीत तिचा कान दुखायला लागला. ताराबाई उशिरा आली होती, अंगावर अजून पठारावरची धूळ होती. तिनं पळी तापवली, लसूण घातलेलं तेल कोमट केलं, पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि थेंब सोडले. शकू हूं की चूं न करता पडून राहिली. मग सकुबाई मोरीतून हात पुसत आली आणि म्हणाली, "अगो, त्यो नाय. डावा दुकतो तिचा." ताराबाईनं शकूकडे बघितलं. "बोलली का नाहीस?" शकूनं कूस बदलली, डावा कान वर केला आणि विचारलं, "आई, तू आता घरातली बोलतेस का डोंगरातली?" त्या संध्याकाळी तिच्या तोंडून खरोखरच 'नाहीस' गेलं होतं, 'नायस' नव्हे. तिला आपल्याच घरात परकं कुणी शिरल्यासारखं झालं, आणि ते परकं दाराच्या आत, तिच्याच लुगड्यात उभं होतं.

विजयकरबाई येतो म्हणाल्या तशा आल्याच, चैत्र संपायच्या आत. त्या निघाल्याचा निरोप आला तेव्हा ताराबाईनं कमळाकरला आधीच ठरवून टाकल्यासारखं सांगितलं, "चार दिवस वर जाऊन राहते मी. शेजारची बंगली रिकामीच हाय. त्या रुळंस्तोवर. मंग सांगू, आमाला घरा जावं लागला म्हनून." कमळाकरनं शेटचा होकार आणला, विकलेली बंगली परत येऊ नये हे शेटलाही हवं होतं. सकुबाई वर यायला तयार नव्हती. "मी कशाला? कोंबड्या कोन बगंल?" तिनं शकूचे दोन परकर गाठोड्यात बांधून दिले, चटणी दिली, आणि कशाला जातेस हे विचारलं नाही.

पठारावर पहिल्या दिवशी ताराबाई घर मांडत राहिली. रिकाम्या बंगलीत राहतं घर दिसावं म्हणून काय काय लागतं, याचा तिनं कधी विचार केला नव्हता. रॉकेलच्या डब्यात तुळस लावली. दोरीवर धुतलेलंच लुगडं पुन्हा ओलं करून घातलं. उंबऱ्यावर हळदीकुंकू. राखणदार धाऊ आणि त्याची बायको बुधी लांबून बघत होती, धाऊनं एकदाच विचारलं, "बाय, तुमी आता हितंच का?" आणि ती "हो" म्हणाली. मग तिनं शकूला जवळ घेतलं. पोरीच्या केसांतून फणी फिरवत, तिच्या चेहऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्या बाईंनी विचारलं तर सांगायचं, आपण इथंच राहतो." शकूनं विचारलं, "मंग आजी?" "आजी गावाला असते सांगायचं." फणी अडकली. शकूनं मान ताठ केली आणि म्हणाली, "बरं." पुढं ती इतकी सराईत झाली, की ताराबाईच्या अंगावर काटा यायचा. विजयकरबाईंच्या मुलाला ती घर दाखवत होती, "ही माझी खोली. पावसात इथून धबधबा दिसतो. मागच्या साली माझी बाहुली त्या झऱ्यात गेली." मागच्या साली शकूनं हे पठार बघितलंसुद्धा नव्हतं. बाहुली तर तिच्याकडे कधीच नव्हती.

विजयकरबाई भित्र्या होत्या. दुपारच्या वेळी एखादं विमान देवळालीच्या बाजूला गेलं, की मुलाला छातीशी धरून त्या ताराबाईच्या ओसरीवर येऊन बसत. घरघर विरेपर्यंत बोलत नसत. मग एकदम खूप बोलत. त्यांची आई लहानपणीच गेली होती. मुलाच्या छातीला मुंबईची हवा मानवत नव्हती. "तुम्ही आहात म्हणून, नाहीतर मी इथं एक दिवससुद्धा काढू शकले नसते," असं त्या रोज म्हणत, आणि दर वेळी ताराबाईला तो पायरी चुकल्याचा हिसका बसे. पण हिसका ओसरला, की मागं जे उरायचं ते तिला जास्त घाबरवणारं होतं. तिला बरं वाटत होतं. दुपारी ओसरीवर वारा यायचा. सिद्धगड निळा, धूसर, माहेरच्या अंगणातून दिसायचा त्याच्या उलट बाजूनं दिसायचा. आणि तिला एक खोली होती जिचं दार लावून घेता येत होतं. दार लावून ती नुसतीच जमिनीवर बसायची. कधी विजयकरबाईंनी दिलेलं मासिक बोट फिरवत वाचायची, एक पान, दोन पानं, आणि कुणी हाक मारायचं नाही. चार दिवस झाले. आठवडा झाला. उद्या खाली जाऊ, परवा जाऊ. गिरगावात तोंडून गेलेलं ते वाक्य तिनं बंगली खपवायला घडवलेलं नव्हतं. ते तिचं मागणं होतं, आणि एका परक्या बाईच्या प्रश्नाच्या आडून ते बाहेर आलं होतं. हे जेव्हा तिला उमगलं तेव्हा ती मासिक मिटून बराच वेळ भिंतीकडे बघत बसली. त्या मागण्यात कमळाकर कुठं होता? सकुबाई कुठं होती? शकू तरी होती का?

पंधरवडा उलटून गेल्यावर एका सकाळी चढावरून बैलगाडीची घुंगरं वाजली. रोजचं पाणी भरणारी बुधी आपल्या भाचीच्या लग्नाला गेली होती, त्यामुळं दोन्ही बंगल्यांत पाणी भरायचं राहिलं होतं, आणि विहीर उताराला खाली होती. ताराबाई हंडे घासत होती. गाडी कोंडूची, शहापूरच्या त्यांच्या शेजाऱ्याची. मागून सकुबाई उतरली. काष्टा घट्ट खोचलेला, पाय धुळीनं पांढरे, काखेत फडक्याचं गाठोडं. ती अंगणाच्या कडेला थांबली आणि घराकडे बघू लागली. तुळशीच्या डब्याकडे, दोरीवरच्या लुगड्याकडे, उंबऱ्यावरच्या हळदीकुंकवाकडे. "चार दिस बोलून आलीस गो," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरीची शाला चुकते. कमळ्या हाटलात चा पिऊन जातो. म्हटला बगून तर येऊ."

ताराबाई काही बोलणार तेवढ्यात विजयकरबाई पलीकडून आल्या, घाईघाईनं, केस मोकळे, मुलगा कडेवर. त्यांनी सकुबाईला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं आणि त्यांचा चेहरा सुटला. "बरं झालं बाई, ताराबाई, तुम्ही दुसरी कुणी बोलावलीत. मी म्हटलं आज पाण्याचं काय करायचं." आणि सकुबाईकडे वळून, अगदी गोड आवाजात, "बाई, आमचे हंडे आधी भरून द्याल का? मुलाची आंघोळ खोळंबलीय."

कोंडू बैल सोडत होता, त्याला ऐकू गेलं नसावं. शकू दारात होती, तिनं ऐकलं. ताराबाईच्या तोंडात शब्द होते. ती माझी सासू आहे. ती माजी सासू हाय. दोन्ही होते, आणि दोन्हींतलं एकही उचलेना. ते म्हटलं, की त्यामागोमाग सगळं येणार होतं. सासू गावाला असते ना? मग या कुठून आल्या? आणि तुमचं घर म्हणजे कुठलं घर? विजयकर शनिवारी येणार होते. तिच्या मनात हे सगळं भरभर चाललं होतं. तिचे हात मात्र राखेनं भरलेले, हंड्यावर तसेच होते. आणि सकुबाई तिच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग असता, दुःख असतं, तर ताराबाईला ते ओळखता आलं असतं. सकुबाई तिच्याकडे असं बघत होती, जसं बाजारात माल निवडताना दुकानदाराच्या तोंडाकडे बघून माणूस भाव ताडतो. तिनं ताडलं. गाठोडं खाली ठेवलं, पदर कमरेला खोचला.

"हिर कंच्या अंगाला हाय, बाई?" तिनं सुनेला विचारलं.

ताराबाईनं राखेचा हात वर करून विहिरीची वाट दाखवली.

सकुबाई एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर घेऊन उतारावरून गेली. शकू आत पळाली, तांब्या घेऊन बाहेर आली आणि आईकडे न बघता आजीच्या मागं धावली. दोघी वर आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा वर आल्या. आधी विजयकरांचं भरलं, मग इथलं. सकुबाईला दम लागला होता, शेवटच्या खेपेला ती चढावर मध्येच थांबली आणि शकूनं आपला तांब्या खाली ठेवून तिच्या पाठीला हात लावला. ताराबाई हे ओसरीच्या खांबाशी उभी राहून बघत होती. आपण जायला हवं, आत्ता जायला हवं, असं तिचे पाय तिला सांगत होते. आणि दर खेपेला ते जाणं अधिक कठीण होत गेलं, कारण जी बाई पहिल्या खेपेला गेली नाही ती चौथ्या खेपेला काय म्हणून जाणार? पाणी भरून झालं. विजयकरबाईंनी दोन पोळ्या गूळ ठेवून सकुबाईला आणून दिल्या आणि म्हणाल्या, "दमलात हो." सकुबाईनं पोळ्या पदरात घेतल्या. "मुलाला खोकला हाय तुमच्या," ती म्हणाली. "अडुळशाचा पाला उकळून द्या." मग तिनं गाठोडं उंबऱ्याच्या आत सरकवलं आणि शकूचा हात धरला. "पोरीला सोडते खाली. शाला हाय तिची." हे तिनं असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणाची तरी पोर कुणीतरी शाळेत पोचवते आहे. गाडी जुंपली गेली. शकूनं मागं वळून बघितलं नाही.

घुंगरं ऐकू येईनाशी झाली तेव्हा ताराबाई आत गेली. गाठोड्यात सुकवलेली मासळी होती, तिला आवडायची ती, आणि कोंबडीची अंडी, एकेक चिंधीत गुंडाळलेली. ती उठली आणि विजयकरांच्या ओसरीवर गेली. विजयकरबाई मुलाचे केस पुसत होत्या. ताराबाई पायरीशीच उभी राहिली आणि म्हणाली, "आम्ही इथं राहत नाही. शहापूरला आमचं घर आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले."

विजयकरबाई पुसत राहिल्या. "मला माहीत आहे ते," त्या म्हणाल्या.

ताराबाईला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"पहिल्याच दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात आले होते ना मी. चुलीमागची भिंत पांढरीफटक. वर्षभर राहिलेल्या घरात अशी भिंत असते का?" त्या थोड्या हसल्या. "पण मला ते वाक्य हवंच होतं, ताराबाई. ह्यांना ऐकवायला. एरवी त्यांनी मला इथं कुठं पाठवलं असतं? या मुलाची छाती बघून मी रात्र रात्र जागत होते. तुम्ही बोललात तेव्हा मी मनात म्हटलं, देवा, आता या बाईनं शब्द मागं घेऊ नये."

 ताराबाई पायरीवर बसली. तिला हसू आलं, रडूही आलं. म्हणजे हिलाही हवं होतं, दोघींनी मिळून ते धरून ठेवलं होतं. त्या सुटकेच्या भरातच ती बोलून गेली, "मघाशी पाणी भरलं ना, ती माझी सासू."

विजयकरबाईंचा हात थांबला. "कोण?"

"माझी सासू. शकूला बघायला आली होती."

 टॉवेल मुलाच्या डोक्यावर तसाच राहिला आणि त्याच्या आत मुलगा हलत होता. "मी त्यांना पाणी भरायला लावलं," त्या म्हणाल्या. आणि मग, "तुम्ही तिथं उभ्या होतात."

"हो."

"मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण नेहमीचा तो भित्रेपणा त्यात कुठं उरला नव्हता. "राहण्याबद्दल खोटं बोललात ते मी कधीच सोडून दिलं. पण त्यांनी तीन-चार खेपा केल्या, ताराबाई." त्यांनी मुलाला उचललं आणि त्याचं तोंड आपल्या खांद्यात फिरवलं, त्यानं हे बघू नये असं काहीतरी समोर असल्यासारखं. "जा. गाडी अजून ओढ्यापाशी असेल."

ती निघाली तेव्हा चालत होती, मग पळायला लागली. उन्ह चढलं होतं, करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी लुगड्याला धरत होत्या. तेवढ्यात तिच्या मनात जे आलं ते लहान मुलीचं होतं: गाडी दिसली नाही तर बरं. सासू पुढं निघून गेली असली तर आज तिच्या तोंडापुढं उभं राहावं लागणार नाही. तिनं ते स्वतःच ऐकलं आणि आणखी जोरात पळाली.

गाडी ओढ्यात उभी होती. कोंडू बैलांना पाणी पाजत होता. शकू मागच्या बाजूला पाय सोडून बसली होती, आजीनं दिलेली पोळी कुरतडत. आई पळत येताना दिसली तशी तिनं खाणं थांबवलं. ताराबाई गाडीला हात लावून उभी राहिली. तिला धाप लागली होती, आणि वाटेत जुळवलेलं सगळं त्या धापेत गेलं.

"आत्याबाई..."

"चढ," सकुबाई म्हणाली. "उन लागंल."

ती चढली. सकुबाईनं गवताची पेंढी सरकवून जागा केली. थोडा वेळ बैलांच्या पाणी पिण्याचा आवाज येत राहिला. "चुकली मी," ताराबाई म्हणाली.  सकुबाई तळव्यात रुतलेला काटा नखानं काढत होती. विहिरीच्या वाटेवरचाच असणार. ताराबाईनं तिचा पाय मांडीवर घ्यायला हात पुढं केला, तर सकुबाईनं पाय आखडून घेतला. काटा निघाला. तो तिनं पाण्यात टाकला.

"मी नाय आता जायाची वर," ताराबाई म्हणाली. ती हे शपथ घेतल्यासारखं म्हणाली, आणि म्हणताना तिला बरं वाटत होतं. सगळं काढून देऊन मोकळं व्हावं तसं. "तुमच्या लेकाला सांगीन, दुसरी बाई बगा म्हनून. घरात ऱ्हाईन. पोरीला बगीन. चूल बगीन."

सकुबाईनं मान वर केली. लग्न होऊन आल्यापासून ताराबाईनं तिला कधी रागावलेलं बघितलं नव्हतं, म्हणून तिला क्षणभर समजलंच नाही की हा राग आहे. सासूचा चेहरा नुसता लाल झाला होता आणि हनुवटी थरथरत होती.

"मंग मी पानी कशापायी भरला गो?"

शकूनं आईकडे बघितलं, आजीकडे बघितलं.  कोंडूनं बैलांना हाक घातली. ओढ्याचा पलीकडचा चढ उभा होता. गाडी एकदम मागं कलली आणि तिघीजणी मागं रेलल्या. सकुबाईनं एका हातानं गाडीची दांडी पकडली आणि दुसऱ्या हातानं, अजून रागातच, सुनेचा दंड घट्ट धरला.